कॉलेजातला विंग एनबीएत टिकेल का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्चमध्ये अमेरिकेतली कॉलेज बास्केटबॉलची स्पर्धा रंगात आली, की इकडे पहाटे साडेचारला उठून सामने पाहणाऱ्यांचे प्रश्न सुरू होतात, ते जूनअखेर ड्राफ्ट (एनबीए या व्यावसायिक लीगचे संघ नवे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम) होईपर्यंत थांबत नाहीत. निम्म्याहून जास्त प्रश्न विंगबद्दल असतात. साहजिकच आहे. विंग सगळ्या संघांना हवे असतात आणि पारखायला सगळ्यात अवघडही तेच. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे परत सांगितलेली नाही, फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. विंग म्हणजे नक्की कोण? आमच्या सरांनी तर खेळाडूंच्या जागांचे एक ते पाच नंबर शिकवले.

जुन्या हिशेबाने दोन आणि तीन नंबर, कधी कधी चारही. उंची साधारण ६ फूट ५ इंच ते ६ फूट ९ इंच. हा खेळाडू चेंडू घेऊन खेळ सुरू करत नाही आणि रिंगखाली पाठ लावून उभाही राहत नाही. तो बाजूला, कोपऱ्यात असतो. समोरच्या संघाचा सगळ्यात धोकादायक माणूस बहुतेक वेळा त्याच्याच अंगावर येतो. म्हणून त्याला दोन कामं यावीच लागतात: थ्री (रेषेबाहेरून तीन गुणांचा शॉट) मारणं आणि आपल्यापेक्षा बुटक्या व उंच, दोन्ही प्रकारच्या खेळाडूंना अडवणं.

२. कॉलेज आणि एनबीएच्या खेळात इतका काय फरक आहे? मैदान तर तेवढंच दिसतं.

मैदान तेवढंच आहे, ९४ फूट बाय ५० फूट. त्यावरचा खेळ मात्र वेगळा. कॉलेजात सामना ४० मिनिटांचा आणि शॉट क्लॉक (शॉट मारायला मिळणारा वेळ) ३० सेकंदांचा, एनबीएत ४८ मिनिटं आणि २४ सेकंद. थ्रीची रेषा कॉलेजात २२ फूट पावणेदोन इंचांवर असते. एनबीएत ती समोर २३ फूट ९ इंचांवर आहे, कोपऱ्यात २२ फुटांवर.

विंगच्या दृष्टीने सगळ्यात मोठा फरक एका नियमाचा आहे. एनबीएत डिफेन्स करणाऱ्याला कोणाला अडवत नसताना पेंटमध्ये (रिंगखालच्या रंगवलेल्या चौकोनात) ३ सेकंदांहून जास्त थांबता येत नाही. कॉलेजात हा नियमच नाही. उंच माणूस रिंगखाली तंबू ठोकून बसू शकतो. त्यामुळे कॉलेजात आत घुसताना अडखळणाऱ्या विंगला एनबीएत मोकळी वाट मिळू शकते. उलटही होतं. कॉलेजात मागे भिंत उभी असल्यामुळे ज्याचा ढिला डिफेन्स झाकला गेला, तो एनबीएत उघडा पडतो.

३. सरासरी २० गुण मारतो, अजून काय पाहिजे?

हा प्रश्न सर्वात जास्त येतो. कॉलेजात २० गुण मारणाऱ्याच्या हातात चेंडू असतो. सगळा संघ त्याच्यासाठी खेळतो, चुकला तरी पुढचा शॉट त्याचाच. एनबीएत गेल्यावर पहिली दोन-तीन वर्षं तो संघातला चौथा-पाचवा पर्याय असणार. चेंडू दुसऱ्याच्या हातात असताना तो काय करतो, यावर त्याला मिनिटं मिळणार. म्हणून विंग पाहताना मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: याच्याकडून चेंडू काढून घेतला तर मागे काय उरतं?

गोंझागा कॉलेजच्या अ‍ॅडम मॉरिसनने २००५-०६ मध्ये सरासरी २८.१ गुण मारले होते, देशात सगळ्यात जास्त. २००६ मध्ये एनबीएच्या शार्लट संघाने त्याला तिसऱ्या क्रमांकावर घेतलं. पहिल्या हंगामात त्याचे ३७.६ टक्केच शॉट पडले. पुढे गुडघ्याची मोठी दुखापत झाली, तिचाही वाटा होता, हे मान्यच करायला हवं. पण दुखापतीआधीच दिसलं होतं की शॉट पडत नसेल त्या दिवशी त्याच्याकडे संघाला द्यायला फारसं काही नाही.

४. उंची बघायची की हातांची लांबी?

हातांची लांबी, म्हणजे विंगस्पॅन. मेमध्ये शिकागोला ड्राफ्टआधीचा कंबाइन भरतो, तिथे अनवाणी उंची, पसरलेल्या हातांची लांबी, हात वर करून उभं राहिल्यावरची पोहोच, उडी, सगळं मोजतात. एनबीएतला नामांकित विंग कवाय लेनर्ड, त्याचा विंगस्पॅन ७ फूट ३ इंच भरला होता आणि हाताचे पंजेही प्रचंड होते.

कागदावरच्या या इंचांचा अर्थ मला वरळीत कळला. ऑक्टोबर २०१९ मध्ये एनएससीआय डोममध्ये इंडियाना आणि सॅक्रामेंटो हे संघ खेळले. (सॅक्रामेंटोचे मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचेच.) वॉर्म-अपच्या वेळी एक विंग कोपऱ्याजवळ उभा राहिला आणि त्याने सहज दोन्ही हात बाजूला पसरले. कोपऱ्याकडे जाणारा पास आणि आत जाणारा पास, दोन्ही वाटा जागच्या जागी बंद. त्याने पाऊलही उचललं नव्हतं.

पण लांब हात म्हणजे निम्मंच काम. हात आखूड असलेलेही टिकतात, त्यासाठी प्रश्न ८ पाहा.

५. थ्रीची टक्केवारी चांगली असली तरी तुम्ही फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारा मोकळा शॉट) किती, असं का विचारता?

कारण कॉलेजच्या एका हंगामात विंग शंभर-दीडशे थ्री मारतो (पडलेले आणि चुकलेले धरून), आणि तेवढ्यात नशीब फार मोठा खेळ करून जातं. हिशेब करून बघा. खरा नेम ३५ टक्क्यांचा असलेल्या मुलाने ११० थ्री मारले, तर निव्वळ योगायोगाने त्याचा आकडा २६ पासून ४४ टक्क्यांपर्यंत कुठेही जाऊ शकतो. म्हणजे २८ टक्केवाला आणि ४२ टक्केवाला हे दोघं एकाच तोडीचे असू शकतात!

फ्री थ्रोचं तसं नाही. तेच अंतर, समोर कोणी नाही, घाई नाही. मनगट आणि बोटं किती भरवशाची आहेत ते तिथे उघड दिसतं.

ड्यूकच्या जस्टिस विन्स्लोने २०१४-१५ मध्ये ११० थ्रींपैकी ४६ टाकले, ४१.८ टक्के. फ्री थ्रो होते ६४.१ टक्के. एनबीएत पहिल्या हंगामात त्याचे थ्री २७.६ टक्क्यांवर आले. २०१७ मध्ये कॅन्ससच्या जॉश जॅक्सनचे थ्री ३७.८ टक्के होते, पण फक्त ९० प्रयत्नांत, आणि फ्री थ्रो ५६.६ टक्के. मी त्या वर्षी थ्रीच्या आकड्यावर विश्वास ठेवला होता. त्याच ड्राफ्टमध्ये त्याच्या एकच क्रमांक आधी, म्हणजे तिसरा, ड्यूकचा जेसन टेटम गेला. त्याचे थ्री ३४.२ टक्केच होते, फ्री थ्रो मात्र ८४.९ टक्के. पुढे टेटम एनबीएतला मोठा तारा झाला, जॅक्सन मात्र टिकला नाही. त्या वर्षापासून मी आधी फ्री थ्रोचा रकाना बघतो.

माझा ठोकताळा असा: ८० टक्क्यांच्या वर असेल तर थ्रीचा आकडा पडलेला दिसला तरी घाबरायचं नाही, ६५ च्या खाली असेल तर थ्रीचा आकडा चढलेला दिसला तरी हुरळायचं नाही. मधल्या मुलांसाठी आणखी दोन गोष्टी पाहायच्या. एक, तो थ्री किती मारतो. सामन्याला पाच-सहा बेधडक मारणाऱ्याला स्वतःच्या हातावर भरवसा असतो. दोन, रिंगपासून आठ-दहा फुटांवरून अलगद सोडलेले चेंडू कसे पडतात.

६. थ्रीही वाईट, फ्री थ्रोही वाईट. मग नाव खोडायचं का?

लगेच नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या जेलन ब्राउनचे कॉलेजात थ्री २९.४ टक्के आणि फ्री थ्रो ६५.४ टक्के होते. बॉस्टनने २०१६ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर घेतलं तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली. २०२४ च्या अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला.

लेनर्डचंही उदाहरण नेहमी देतात. सॅन डिएगो स्टेटमध्ये दोन वर्षांत मिळून त्याचे थ्री २५ टक्के होते. पण फ्री थ्रो ७५ टक्क्यांच्या आसपास होते, म्हणजे हात मुळात बरा होता. सॅन अँटोनिओत चिप एंगेलंडसारखा नेमबाजीचा जाणकार कोच भेटला आणि त्याने शॉट दुरुस्त केला.

या दोघांमधलं सारखेपण बघा. नेम नसतानाही दोघांना मैदानावर ठेवण्याची कारणं होती: ताकद, डिफेन्स, वय. शॉट सुधारायला दोन-तीन वर्षं लागतात आणि तेवढा काळ संघाने त्याला खेळवत राहायला हवं. तशी कारणं नसतील तर शॉट सुधारायच्या आधीच तो बाहेर पडतो.

७. एखाद-दोन वर्षांच्या वयाने खरंच इतका फरक पडतो?

पडतो, आणि नवख्या प्रेक्षकाच्या नजरेतून सुटणारी पहिली गोष्ट हीच. २२ वर्षांचा मुलगा १९ वर्षांच्या पोरांना खांद्याने बाजूला सारून गुण मारतो, त्यात कौशल्य किती आणि नुसतं भरलेलं शरीर किती, हे वेगळं काढायला हवं.

२०१० चा ड्राफ्ट घ्या. सिराक्यूसचा वेस्ली जॉन्सन बिग ईस्ट या कॉलेजांच्या गटाचा सर्वोत्तम खेळाडू, सरासरी १६.५ गुण, चौथ्या क्रमांकावर मिनेसोटाला. फ्रेझ्नो स्टेटचा पॉल जॉर्ज, सरासरी १६.८ गुण, दहाव्या क्रमांकावर इंडियानाला. आकडे जवळजवळ सारखे. पण जॉन्सन २३ वर्षांचा व्हायला आला होता आणि जॉर्ज नुकताच २० चा झाला होता. जॉर्जचे फ्री थ्रो ९०.९ टक्के होते, तेही प्रश्न ५ च्या उत्तराला धरून लक्षात घ्या. जॉर्ज पुढे नऊ वेळा ऑल-स्टार (हंगामातल्या निवडक ताऱ्यांपैकी एक) झाला, जॉन्सन एकदाही नाही.

जन्मवर्षावर थांबू नका, महिना पाहा. 'फ्रेशमन', म्हणजे कॉलेजच्या पहिल्या वर्षाचे, म्हणवणारे दोघं एकमेकांपेक्षा वर्षभराने लहान-मोठे असू शकतात. कूपर फ्लॅग डिसेंबर २००६ चा. २०२५ मध्ये डॅलसने त्याला पहिला निवडला तेव्हा तो १८ वर्षांचा होता, म्हणजे त्याचा ड्यूकचा अख्खा हंगाम १७-१८ च्या वयातला. तो आकडा २० वर्षांच्या फ्रेशमनच्या आकड्याशेजारी तसाच ठेवता येत नाही.

८. मग चार वर्षं कॉलेज खेळलेल्यांना घेऊच नये का?

घ्यावं, पण वेगळी गोष्ट शोधत घ्यावं. १९ वर्षांच्या मुलात आपण पुढे काय होईल ते पाहतो, २२ वर्षांच्या मुलात आज काय तयार आहे ते पाहायचं. आणि दर वर्षी त्याच्या खेळात काहीतरी नवीन भर पडली का, हेही.

टीसीयूचा (टेक्सास ख्रिश्चन युनिव्हर्सिटी) डेझमंड बेन चार वर्षं खेळला. हात त्याच्या उंचीएवढेच, म्हणजे विंगसाठी आखूड. प्रश्न ४ चा निकष लावला असता तर तो कधीच बाद झाला असता. पण शेवटच्या वर्षी थ्री ४४.२ टक्के, आणि सुरुवातीला नुसता शॉट मारणारा मुलगा आता सामन्याला जवळजवळ ४ असिस्ट (गुण मिळवून देणारे पास) देत होता. २०२० मध्ये तो तिसाव्या क्रमांकावर गेला. २०२५ मध्ये मेम्फिसने त्याला ऑरलँडोला दिलं, तेव्हा बदल्यात दोन खेळाडू आणि ड्राफ्टच्या पहिल्या फेरीच्या चार निवडी घेतल्या. जिमी बटलरही तिसावाच, २०११ मध्ये, ज्युनियर कॉलेजमधून मार्केट (Marquette) विद्यापीठात आलेला. मिकल ब्रिजेसचे व्हिलानोव्हात पहिल्या हंगामात थ्री २९.९ टक्के होते, तिसऱ्या हंगामात ४३.५. ही चढण महत्त्वाची.

आता आणखी एक बदल झाला आहे. २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमावता येतात आणि कॉलेज बदलणंही सोपं झालं आहे. पहिल्या फेरीच्या शेवटी जाण्यापेक्षा आणखी एक वर्ष थांबलेलं बरं, असा हिशेब बरेच जण करतात. त्यामुळे 'राहिला म्हणजे कमी पडला' हे जुनं गणित आता चालत नाही.

९. डिफेन्स आकड्यांत दिसत नाही. मग तो पाहायचा कसा?

थोडा दिसतो. विंगच्या नावावर स्टील (चेंडू हिसकावणं) आणि ब्लॉक (शॉट अडवणं) दोन्ही नियमित असतील तर त्याचे हात चपळ आहेत आणि डोळे उघडे आहेत, एवढं कळतं. बाकीचं पाहावंच लागतं.

मी व्हिडिओ लावला की पहिली दहा मिनिटं चेंडूकडे बघत नाही, फक्त त्या एका मुलाच्या पायांकडे बघतो. सगळ्यात जास्त सांगून जातो तो क्लोजआउट, म्हणजे शॉट मारायला उभ्या असलेल्यावर धावून जाणं. तो मदतीला पेंटमध्ये आत आलेला असतो आणि चेंडू कोपऱ्यात त्याच्या माणसाकडे उडतो. आता पंधरा फूट पळत जायचं आहे. कच्चा मुलगा सरळ धावत सुटतो, समोरचा नुसता शॉटचा आव आणतो आणि हा हात वर करून त्याच्या बाजूने प्रेक्षकांत जातो. पक्का मुलगा आधी दोन-तीन लांब ढांगा टाकतो, मग पावलं एकदम आखूड करतो, कंबर खाली जाते, एक हात शॉटच्या वाटेवर आणि दुसरा बाजूला. समोरच्याने आत मुसंडी मारली तर याची छाती त्याच्यासमोर असते. बुटांचा तो चर्रर्र आवाज व्हिडिओतही ऐकू येतो.

दुसरी गोष्ट, स्क्रीन, म्हणजे वाट अडवून उभा राहिलेला समोरचा खेळाडू. अंगावर स्क्रीन आला की तो वरून निसटतो, खालून जातो, की नुसता धडकून थांबतो? तिसरी गोष्ट सामन्याच्या शेवटी पाहायची: ३५ व्या मिनिटालाही गुडघे वाकलेले आहेत का?

१०. त्याचा संघ झोन खेळतो, म्हणजे माणूस न धरता जागा अडवतो. मग माणूस अडवता येतो का ते कसं कळणार?

पूर्ण कळत नाही. सिराक्यूसमध्ये जिम बोहाइम यांनी वर्षानुवर्षं २-३ झोन (दोन पुढे, तीन मागे) खेळवला. वॉशिंग्टनच्या मटीस थायबुलचं कॉलेजातलं नावही अशाच झोनमध्ये झालं. झोनमध्ये स्टील फुगतात, कारण पासच्या वाटेवर टपून बसता येतं. थायबुलने एनबीएत जाऊनही डिफेन्स सिद्ध केला, पण दरवेळी तसं होत नाही. अशा मुलासाठी चेंडू हिसकावला गेल्यावरचे प्रसंग शोधा, कारण तेव्हा झोन लागलेला नसतो. एकटा मागे पळत येताना तो कोणाला पकडतो आणि कसा वळतो, ते बघा.

११. आपला संघ हल्ला करत असताना, चेंडू हातात नसेल तेव्हा काय पाहायचं?

कोपऱ्यात उभा असताना गुडघे वाकलेले आणि हात छातीसमोर तयार आहेत का? चेंडू आल्यावर तो कमरेपर्यंत खाली नेऊन मग वर आणतो, की पकडला तिथूनच वर जातो? कॉलेजात त्या खाली-वर करण्याला वेळ मिळतो. एनबीएत तेवढ्यात कोणाचा तरी लांब हात चेंडूवर येतो.

मग निर्णय. चेंडू मिळाल्यावर शॉट, पास किंवा आत घुसणं, यातलं एक अर्ध्या सेकंदात व्हायला हवं. चेंडू धरून समोरच्याला न्याहाळत बसणारा विंग मला नको वाटतो, मग तो सुंदर शॉट का मारेना. टर्नओव्हर (चेंडू गमावणं) मात्र जरा समजून मोजा. पॉल जॉर्जचे फ्रेझ्नोत टर्नओव्हर आणि असिस्ट जवळजवळ सारखेच होते, कारण त्या संघाचा सगळा भार त्याच्यावर होता.

१२. बेंचवरून येतो किंवा छोट्या कॉलेजात आहे. त्याला किती धरायचं?

बेंचवरून येण्याचं कारण शोधा. डेव्हिन बुकर केंटकीत २०१४-१५ ला बेंचवरून येऊन सरासरी १० गुण मारत होता. ३८ सामने जिंकून फक्त १ हरलेल्या त्या संघात जागाच नव्हती.

छोट्या कॉलेजच्या मुलाचे मोठ्या संघांविरुद्धचे सामने वेगळे काढून पाहा आणि कंबाइनकडे लक्ष ठेवा. जेलन विल्यम्स सँटा क्लारात तीन वर्षं खेळला. २०२२ च्या कंबाइनमध्ये विंगस्पॅन ७ फूट २ इंचांच्या वर भरला आणि तो वर सरकत बाराव्या क्रमांकावर ओक्लाहोमा सिटीकडे गेला. २०२५ च्या अंतिम मालिकेतल्या पाचव्या सामन्यात त्याने ४० गुण मारले.

१३. सगळे त्याला 'पुढचा लेनर्ड' म्हणतात. तुम्हाला काय वाटतं?

तुलना करायचीच तर संघातल्या सातव्या-आठव्या खेळाडूशी करा. तो त्या जागेवर उद्या खेळू शकेल का? 'पुढचा लेनर्ड' म्हटल्याने त्या मुलाबद्दल काहीच कळत नाही.

१४. माझा मुलगा १५ वर्षांचा आहे, पुण्यात खेळतो. त्याला हेच निकष लावू का?

कृपया लावू नका. शरीर अजून वाढतंय, हातांची लांबी मोजून काय करणार? ड्राफ्ट झालेला पहिला भारतीय, पंजाबचा सतनाम सिंग, २०१५ मध्ये ५२ वा गेला. तो सेंटर (रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू) होता आणि कॉलेज न खेळता गेला होता, त्यामुळे त्याच्या वाटेवरूनही विंगला फारसं काही घेता येत नाही.

पण दोन गोष्टी आजपासून करता येतील. सरावाच्या शेवटी, दमल्यावर, रोज ठरावीक फ्री थ्रो आणि वहीत आकडा. आणि प्रश्न ९ मधला क्लोजआउट. त्याला उंची लागत नाही. थ्रीसाठी रेषा शोधत फिरायला नको, आपल्याकडची ६.७५ मीटरची रेषा २०१९-२० पासून अमेरिकन कॉलेजातही आली आहे. फक्त ताकद येण्याआधी तिथून मारायला लावू नका. पोर खांद्यातून चेंडू फेकायला लागतं आणि ती सवय सुटता सुटत नाही.

१५. ड्राफ्टमध्ये नावच आलं नाही तर संपलं का?

नाही. दोन फेऱ्यांत जेमतेम ६० नावं. त्यानंतरच्यांसाठी २०१७ पासून टू-वे करार आहेत, ज्यात खेळाडू जी लीग (एनबीएची दुय्यम लीग) आणि एनबीए दोन्हीकडे खेळतो. डंकन रॉबिन्सन तिसऱ्या डिव्हिजनच्या विल्यम्स कॉलेजातून मिशिगनला आला, २०१८ मध्ये कोणी घेतला नाही. २०१९-२० मध्ये मायामीकडून त्याने ४४.६ टक्क्यांनी २७० थ्री टाकले.

मला जास्त आवडतो तो लू डॉर्ट. अ‍ॅरिझोना स्टेटमध्ये थ्री ३०.७ टक्के, २०१९ मध्ये ड्राफ्टमध्ये नाव नाही, ओक्लाहोमा सिटीत टू-वे करार. त्याला मैदानावर आणलं ते डिफेन्सने, आणि प्रश्न ६ मध्ये म्हटलेली ती दोन-तीन वर्षंही त्याच डिफेन्सने मिळवून दिली. २०२४-२५ मध्ये त्याचे थ्री ४१.२ टक्के होते, तो ऑल-डिफेन्सच्या, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम डिफेन्स करणाऱ्यांच्या, पहिल्या संघात होता आणि जूनमध्ये ओक्लाहोमा सिटी विजेता झाला.